करार जगाचा, पोर भट्टीवरचे

भाताची झोडणी आटोपली, दिवाळी सरली की ठाणे-पालघरच्या पाड्यांवरची कातकरी, वारली कुटुंबे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. उचल आधीच घेतलेली असते. बिऱ्हाडाबरोबर पोरेही निघतात. बाप गारा तुडवतो, आई विटा थापते आणि सहा-सात वर्षांचे पोर वाळणाऱ्या विटा पलटते. पावसाच्या तोंडावर ही मंडळी घरी परततात, तोवर शाळेचे वर्ष हातचे गेलेले असते.

या पोराची आठवण जगाने ठेवली नाही, असे नाही. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा करार संमत केला. त्याचे अठ्ठाविसावे कलम शिक्षणाचे, बत्तिसावे मुलांना राबवून घेण्याविरुद्धचे. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी करार मान्य केला. मात्र बालमजुरीच्या बाबतीत ‘हे क्रमाक्रमाने करू’ असे निवेदन जोडले. कामाचे किमान वय ठरवणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा करार आपण २०१७ साली स्वीकारला.

पण वाचकहो, करार म्हणजे कायदा नव्हे. स्वीडनने २०२० पासून बालहक्कांचा करारच देशाचा कायदा केला. आपल्याकडे कराराला पुरते बळ येते ते संसदेने कायदा केल्यावर.

असे दोन कायदे घरोघर माहीत हवेत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला भट्टीवर काय, कोणत्याही कारखान्यात मजुरीला लावता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या शेतात हातभार लावला तर हरकत नाही. पण भट्टी मालकाची असते, घरची नव्हे. दुसरा कायदा शिक्षणहक्काचा, २०१० पासून लागू. स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाला शाळेत दाखल करून घेणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. जन्माचा दाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही, एवढ्यावरून त्याला परत धाडता येत नाही.

ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ भरवल्या. भोंगा म्हणजे मजुरांची झोपडी. पोर शाळेत येईना, तेव्हा शाळा पोराकडे गेली.

आपल्या शिवारालगत भट्टी असेल तर बंधुभगिनींनो, एवढे करा. तिथली मुले गुरुजींच्या कानावर घाला. दाखल्यावाचून नाव घालता येते, हे त्यांच्या आईला सांगा. पोर संकटात दिसले तर १०९८ वर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.