जेसीएलमधील प्रतीकात्मक चलांचे प्रतिस्थापन

जॉब कंट्रोल लँग्वेज, अर्थात जेसीएल, ही आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकाला बॅच पद्धतीच्या कामाच्या सूचना देण्याची भाषा होय. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टम/३६० संगणकमालिकेच्या ओएस/३६० कार्यप्रणालीबरोबर ती आली आणि आजच्या झेड/ओएसमध्येही वापरात आहे. या भाषेत '&' चिन्हाने सुरू होणाऱ्या, मूल्य बदलता येणाऱ्या नावास प्रतीकात्मक चल म्हणतात. छापील अर्जातील रिकाम्या जागेसारखे त्याचे कार्य असते: मजकूर तोच राहतो, तारीख वा फाइलचे नाव तेवढे बदलते. ही जागा नेमकी केव्हा भरली जाते, हे ध्यानात न घेतल्यास जॉब कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीच्या माहितीवर चालू शकतो.

प्रतिस्थापनाची वेळ

सादर केलेला जॉब प्रथम वाचून स्पूलवर ठेवला जातो, नंतर त्याचे रूपांतर होते आणि त्यानंतर अंमलबजावणी. जेसीएल विधानांतील चलांच्या जागी मूल्ये घालण्याचे काम रूपांतराच्या टप्प्यात, म्हणजे जॉबमधील पहिला प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच, पूर्ण होते. 'इफ' विधानातील अट मात्र अंमलबजावणीच्या वेळी तपासली जाते. त्यामुळे 'इफ'च्या आत लिहिलेले 'सेट' विधान अट खोटी ठरली तरी लागू होते. 'इफ' आणि 'एल्स' या दोन्ही भागांत एकाच चलाला निरनिराळी मूल्ये दिली, तर पुढील विधानांना नंतरचेच मूल्य मिळते. इतर संगणकीय भाषांची सवय असलेले येथे हमखास फसतात.

इन-स्ट्रीम डेटा

'डीडी *' विधानाखाली लिहिलेल्या ओळी जेसीएल नसून प्रोग्रामला पुरवायची माहिती असतात. रूपांतराच्या वेळी त्यांना हात लावला जात नाही. त्यांत '&डेट' लिहिल्यास प्रोग्रामला तारखेऐवजी तीच अक्षरे मिळतात. पूर्वी यावर उपाय म्हणून आधीच्या स्टेपमध्ये मूल्य घातलेली फाइल तयार करून घेत असत.

२०१३ मध्ये आलेल्या झेड/ओएस २.१ या आवृत्तीने डीडी विधानात 'सिम्बॉल्स' हा घटक दिला. येथे प्रतिस्थापन रूपांतराच्या वेळी होत नाही. चालू प्रोग्राम ओळ वाचतो तेव्हा होते. त्यासाठी हवी ती चले 'एक्स्पोर्ट' विधानात नोंदवावी लागतात आणि हे विधान मूल्य देणाऱ्या 'सेट'च्या आधी यावे लागते. क्रम उलटा झाल्यास ते मूल्य प्रोग्रामपर्यंत पोहोचत नाही.

'सिम्बॉल्स'च्या 'जेसीएलओन्ली' या पर्यायात केवळ जेसीएलमधील चले भरली जातात. 'एक्झेकसिस'मध्ये त्यांच्या जोडीला जॉब ज्या यंत्रणेवर चालतो तिची प्रणाली-चले, तर 'सीएनव्हीटीसिस'मध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्रणेची प्रणाली-चले घेतली जातात. अनेक यंत्रणांचा स्पूल सामायिक असेल, तर रूपांतर एकीवर आणि अंमलबजावणी दुसरीवर होऊ शकते. तेव्हा या दोन पर्यायांतील फरक महत्त्वाचा ठरतो. याच घटकात आणखी एका डीडीचे नाव दिल्यास झालेल्या प्रतिस्थापनाची नोंद तेथे लिहिली जाते.