विश्लेषण : जुनी स्पोर्ट्स कार थरथरते, दोष नेमका कुणाचा?

जुनी स्पोर्ट्स कार ठरावीक वेगाला थरथरू लागली की पहिला संशय टायरवर जातो. व्हील बॅलन्सिंग होते, मग अलाइनमेंट, मग नवे टायर, मग इंजिन माउंट. खर्च वाढत जातो आणि थरथर तिथेच राहते. अनेकदा खरा दोष असतो तो गाडीच्या पोटाखाली फिरणाऱ्या लांब दांड्यात, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टमध्ये. इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीच्या अल्फेटा, जीटीव्ही६ आणि ७५ या मोटारींमध्ये हे दुखणे नेहमीचे आहे. शाफ्टचा दोष कसा शोधायचा आणि कसा दूर करायचा, हे समजून घेण्यासाठी या गाड्यांइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

या गाड्या वेगळ्या का?

अल्फेटा ही सेदान १९७२ मध्ये आली, तिची कूपे आवृत्ती १९७४ मध्ये. १९८० मध्ये त्याच कूपेत अडीच लिटरचे व्ही६ इंजिन बसवून जीटीव्ही६ तयार झाली. १९८२ ते १९८५ अशी सलग चार वर्षे तिने युरोपीय टूरिंग कार स्पर्धा गाजवली. उदयपूरला ज्याचे काही चित्रीकरण झाले, त्या १९८३ सालच्या ‘ऑक्टोपसी’ या बाँडपटातही ती दिसते. १९८५ मध्ये आलेल्या ‘७५’मध्येही मूळ रचना तीच राहिली.

या रचनेचे वैशिष्ट्य म्हणजे वजनाची वाटणी. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स, क्लच, डिफरन्शियल हे सगळे मागे. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांवरील भार जवळपास ५०:५० होतो आणि गाडी वळणावर समतोल राहते. मात्र याची किंमत शाफ्टला मोजावी लागते. नेहमीच्या रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे असतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असले, तरी शाफ्ट साधारण १८०० फेऱ्यांच्या आसपासच फिरतो. अल्फाच्या या गाड्यांत मात्र शाफ्ट थेट इंजिनला जोडलेला असतो. इंजिन ६००० फेरे घेत असेल तर शाफ्टही ६०००. शिवाय क्लच मागे असल्याने गाडी सिग्नलला उभी असतानाही शाफ्ट फिरतच असतो.

शाफ्टमध्ये रबर कशासाठी?

लांब आणि बारीक दांडा वेगाने फिरवला की एका मर्यादेनंतर तो दोरीवरच्या उडीतील दोरीसारखा मधोमध फुगू पाहतो. लांबी निम्मी केली तर ही मर्यादा सुमारे चौपट वर जाते. म्हणून हा शाफ्ट दोन तुकड्यांत केलेला असतो आणि मध्ये एक बेअरिंग रबराच्या आधाराने टांगलेले असते. पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी जाड रबरी कपलिंग असतात. इंजिनचे झटके शोषून घेणे आणि जोडणीतला किंचित कोन सांभाळून घेणे, ही त्यांची दोन कामे.

या कपलिंगला इटालियन भाषेत ‘जुबो’ म्हणतात. ‘जुंतो बोस्की’ म्हणजे ‘बोस्कीचा सांधा’ या शब्दांचे ते लघुरूप. अंतोनिओ बोस्की हे पिरेली कंपनीतील अभियंते होते आणि मोठे चित्रसंग्राहकही. मिलानमधील त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये मात्र ‘रबर कपलिंग’ म्हटले की पुरते.

थरथर कशामुळे होते?

पहिले कारण असंतुलन. समजा, शाफ्टच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर अंतरावर एका बाजूला तोळाभर, म्हणजे १० ग्रॅम वजन जास्त आहे. मिनिटाला २५०० फेऱ्यांना ते सुमारे पावणेतीन किलो वजनाइतका ओढा निर्माण करते. फेरे दुप्पट, म्हणजे ५००० केले की ओढा चौपट होऊन ११ किलोच्या आसपास जातो. हा ओढा प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलतो. शहरात न जाणवणारा दोष महामार्गावर का छळतो, याचे उत्तर या वर्गाच्या हिशेबात आहे.

दुसरे कारण रबराचे वय. रबर केवळ किलोमीटरने झिजत नाही, वर्षांनीही कडक होते. इंजिनमधून गळणारे तेल आणि सायलेन्सरच्या पाइपची उष्णता त्यात भर घालते. एका कपलिंगला भेग पडली की शाफ्ट मध्यरेषेवरून सरकतो आणि असंतुलन आपोआप तयार होते.

तिसरे कारण कोन. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे माउंट बसले की शाफ्टची सरळ रेषा मोडते. रबर कपलिंग अगदी थोडाच कोन सहन करते. जास्त कोनात ते प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते आणि लवकर फाटते. म्हणजे नवे कपलिंग काही महिन्यांत गेले, तर दोष कपलिंगचा नसून माउंटचा असू शकतो.

दोष शाफ्टचाच हे कसे ओळखायचे?

सुटे भाग मागवण्याआधी चार सोप्या चाचण्या करता येतात. त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली चाचणी उभ्या गाडीत. गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिनचे फेरे हळूहळू वाढवायचे. नेहमीच्या गाडीत या वेळी शाफ्ट स्थिर असतो, त्यामुळे थरथर जाणवली तर ती इंजिनाची किंवा माउंटची. अल्फाच्या या गाड्यांत शाफ्टही फिरत असल्याने तोही संशयित राहतो. मात्र चाके, टायर आणि मागचे हाफ शाफ्ट यादीतून बाद होतात.

दुसरी चाचणी त्याच स्थितीत क्लच दाबून. आता क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा आत जाणारा दांडा थांबतो, मुख्य शाफ्ट फिरत राहतो. थरथर गेली तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्स तपासावा. तशीच राहिली तर शाफ्ट किंवा इंजिन.

तिसरी चाचणी रस्त्यावर. एकाच वेगाला, उदाहरणार्थ ताशी ८० किलोमीटरला, गाडी आधी चौथ्या आणि मग पाचव्या गिअरमध्ये चालवायची. गिअर बदलूनही थरथर त्याच वेगाला येत असेल तर चाकांकडे पाहावे. गिअर बदलल्यावर ती वेगळ्या वेगाला, पण इंजिनच्या त्याच फेऱ्यांना येत असेल तर इंजिन किंवा शाफ्टकडे. नेहमीच्या रचनेच्या गाडीत निष्कर्ष वेगळा निघतो. तिथे शाफ्ट चाकांबरोबर बांधलेला असतो, त्यामुळे शाफ्टचा दोषही गाडीच्या वेगाशी जोडलेला दिसतो. ही गोष्ट लक्षात न घेता एका गाडीचा सल्ला दुसऱ्या गाडीला लावला की निदान चुकते.

चौथी चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर. थरथरणाऱ्या वेगाला क्लच दाबून इंजिन मंद होऊ द्यायचे. इंजिन बंद मात्र करू नये, कारण ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. अल्फात या क्षणी शाफ्टही मंदावतो. थरथर थांबली तर शाफ्ट किंवा इंजिन, चालू राहिली तर चाके किंवा हाफ शाफ्ट.

इंजिन आणि शाफ्ट यांतला शेवटचा निवाडा शाफ्ट उतरवून, इंजिन थोडा वेळ एकटे चालवून होतो. हे काम जाणकार गॅरेजमध्येच करावे.

मोबाइल फोनचा उपयोग होतो का?

होतो. फोनमधील अ‍ॅक्सेलरोमीटरची नोंद घेऊन कंपाची वारंवारता दाखवणारी अ‍ॅप उपलब्ध आहेत. फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधावा आणि आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत, चालकाने नाही.

हिशेब सोपा आहे. मिनिटाच्या फेऱ्यांना ६० ने भागले की वारंवारता मिळते. ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झवर उंच रेषा दिसली तर काहीतरी इंजिनच्या गतीने असंतुलित फिरते आहे. व्ही६ इंजिनचे स्फोट फेऱ्याला तीन, म्हणजे १५० हर्ट्झला असतात. ते वेगळे ओळखू येतात. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १४ ते १५ वेळा फिरते, म्हणून १५ हर्ट्झजवळची रेषा टायर किंवा रिमकडे बोट दाखवते. फोनची मर्यादा ध्यानात ठेवावी: सेकंदाला १०० वेळा मोजणी करणाऱ्या फोनला ५० हर्ट्झच्या वरचे काही नीट दिसत नाही. अशा फोनवर चाचणी २००० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान घ्यावी.

गाडीखाली काय पाहायचे?

गाडी लिफ्टवर किंवा मजबूत स्टँडवर असावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. इंजिन बंद आणि पाइप थंड झालेला असावा. तिन्ही रबर कपलिंगच्या बोल्टांच्या दरम्यान भेगा आहेत का, रबर धातूच्या बुशपासून सुटले आहे का, हे टॉर्चने पाहावे. मधल्या बेअरिंगला हाताने हलवावे. रबरी आधार फाटला असेल तर शाफ्ट खाली लोंबतो, बेअरिंग गेले असेल तर फिरवताना खरखर लागते. नळीला पोचा पडला आहे का, बॅलन्सिंगसाठी वेल्ड केलेली पट्टी निघून गेल्याची खूण आहे का, हेही तपासावे. शेवटी डायल गेज लावून शाफ्ट वाकला आहे का ते मोजावे.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने?

आधी माउंट, मग रबर, मग बॅलन्सिंग. हा क्रम उलटला तर केलेला खर्च वाया जातो.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी प्रत्येक जोडावर रंगाने खुणा कराव्यात. तुकडे ज्या स्थितीत बॅलन्स झाले होते त्याच स्थितीत ते परत बसले पाहिजेत. तीनपैकी एकच कपलिंग फाटले असले तरी तिन्ही आणि मधले बेअरिंग एकदमच बदलावे. त्यांचे वय सारखेच असते आणि उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही. ‘नवे कोरे’ म्हणून मिळणारे कपलिंग गोदामात वीस वर्षे पडून असेल, तर ते जुनेच समजावे.

नव्या कपलिंगभोवती अनेकदा पोलादी पट्टा आवळलेला येतो. तो रबर दाबून धरतो, त्यामुळे बोल्ट सहज बसतात. सगळे बोल्ट घट्ट झाल्यावरच तो कापून काढायचा, आणि काढायला विसरायचे नाही. बोल्ट आवळताना रबराकडची बाजू पाना लावून स्थिर धरावी आणि धातूच्या फ्लँजकडची बाजू फिरवावी. उलट केले तर रबर पिळले जाते आणि पहिल्या दिवसापासून फाटू लागते.

बॅलन्सिंग करताना शाफ्टचे तुकडे वेगवेगळे न देता कपलिंग आणि बेअरिंग बसवून अख्खा शाफ्ट मशीनवर चढवावा. ट्रकचे शाफ्ट बॅलन्स करणाऱ्या वर्कशॉपकडे मशीन असते. पण हा शाफ्ट इंजिनच्या गतीने फिरतो, हे तिथे आधीच सांगायला हवे.

दुर्लक्ष केल्यास काय?

थरथर हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. हा शाफ्ट चालक आणि शेजारी बसणारा यांच्या मधल्या बोगद्यातून जातो. रबर कपलिंग जास्त फेऱ्यांना फुटले, तर सुटलेला दांडा त्या बोगद्यात आपटत राहतो. गिअरची लिंकेज, पत्रा आणि आजूबाजूचे भाग तुटू शकतात. त्याआधी सततचा कंप गिअरबॉक्सची बेअरिंग आणि सील खराब करतो. काही दशके जुन्या गाडीचे हे भाग मिळणे अवघड असते. म्हणून कपलिंगला भेग दिसली की गाडी चालवणे थांबवणे हाच व्यवहार्य मार्ग.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचे काय?

मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि जीप या सगळ्या मागच्या चाकांना लांब शाफ्टने ताकद देणाऱ्या. त्यांचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे असल्याने निदानाचा नेहमीचा नियम लागू होतो: थरथर गाडीच्या वेगाशी जोडलेली, गिअरशी नाही. जिथे यूजे क्रॉस असतात, तिथे आणखी एक खूण मिळते. क्रॉस कोनात फिरला की पुढचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा संथ होतो. १० अंशांच्या कोनात हा चढउतार दीड टक्क्यापर्यंत असतो. दोन क्रॉसचे कोन सारखे असतील आणि दोन्हींचे योक एकाच रेषेत असतील, तर एकाचा चढउतार दुसरा खाऊन टाकतो. शाफ्टच्या स्प्लाइनचा जोड उतरवून एक दातही पुढेमागे बसवला, तर नवे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांना हा शाफ्टच नाही. त्यामुळे अनेक नव्या मेकॅनिकच्या हाताखालून असे काम गेलेले नसते. जुनी गाडी त्यांच्याकडे देताना ‘व्हायब्रेशन आहे’ एवढेच सांगून भागत नाही. किती फेऱ्यांना, किती वेगाला, कोणत्या गिअरला आणि क्लच दाबल्यावर काय होते, या चार नोंदी कागदावर लिहून दिल्या, तर निम्मे निदान गॅरेजच्या दारातच होते.