हातातले जीपीएस, संगणकावरचा नकाशा आणि पायाखालची वाट

या घटकाची उद्दिष्टे

हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

- जीपीएस रिसीव्हर नेमके काय मोजतो आणि तो कुठे चुकतो, हे सांगणे.
- अक्षांश-रेखांश एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलणे.
- वेपॉइंट, रूट आणि ट्रॅक यांतील फरक ओळखणे.
- पायी भ्रमंतीची किंवा जिओकॅशिंगची तयारी नकाशाच्या सॉफ्टवेअरवर करणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, डोंगरात वाट चुकलेल्या माणसाकडे आज बहुधा मोबाइल असतो आणि त्या मोबाइलमध्ये जीपीएसही असते. तरीही लोक वाट चुकतात. उपकरण बहुतेक वेळा बरोबर आकडा दाखवत असते. तो आकडा कोणत्या पद्धतीत आहे, तो कोणत्या नकाशावर ठेवायचा आणि त्या ठिकाणापर्यंत पायी जाता येईल का, हे माणसाला ठरवावे लागते. या घटकात आपण ते शिकणार आहोत.

२. जीपीएस काय मोजते?

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा १९९५ साली पूर्ण क्षमतेने सुरू झाली. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि सतत वेळेचा संदेश पाठवतात. तुमच्या हातातला रिसीव्हर फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. संदेश यायला किती वेळ लागला यावरून तो उपग्रहाचे अंतर काढतो. रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. म्हणजे वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. रिसीव्हरचे घड्याळ इतके अचूक नसते. म्हणून अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी सोडवण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात.

आजचे रिसीव्हर जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेईदोऊ आणि काही उपकरणांत भारताचे नाविक यांचेही संदेश घेतात. मोकळ्या आकाशाखाली स्थान साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर मिळते. दाट झाडीत, अरुंद घळीत किंवा उंच कड्याच्या पायथ्याशी मात्र संदेश कातळावर आपटून उशिरा पोहोचतो आणि चूक कित्येक पटींनी वाढते. अशा जागी एकाच वाचनावर विसंबू नका. थोडे मोकळ्या जागी या, दोन-तीन मिनिटे थांबा आणि पुन्हा पाहा.

मोबाइलला नेटवर्क नसले तरी जीपीएस चालते. नेटवर्क गेल्यावर अडतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्यावा लागतो.

*उंचीबद्दल एक सूचना.* जीपीएसची उंची आडव्या स्थानापेक्षा कमी अचूक असते. शिवाय मूळ गणितात ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून मोजली जाते, समुद्रसपाटीपासून नव्हे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्रसपाटी त्या आकाराच्या सुमारे ६० मीटर खाली आहे. त्यामुळे एखादे ॲप चौपाटीवर उभे असताना तुम्हाला समुद्राखाली ६० मीटरवर दाखवू शकते. हातातली बहुतेक जीपीएस उपकरणे ही दुरुस्ती आपोआप करतात, पण सगळी ॲप करतातच असे नाही.

३. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती

या घटकातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई घ्या. त्याचे स्थान तीन प्रकारे लिहिता येते.

- अंश, मिनिटे, सेकंद: १९° ३६′ ०४″ उत्तर, ७३° ४२′ ३३″ पूर्व
- अंश आणि दशांश मिनिटे: १९° ३६.०६७′ उत्तर, ७३° ४२.५५०′ पूर्व
- दशांश अंश: १९.६०११ उत्तर, ७३.७०९२ पूर्व

तिन्ही आकडे एकाच जागेचे आहेत. बदल करण्याची रीत सोपी आहे. सेकंदांना ६० ने भागून ते मिनिटांत मिळवा. मग मिनिटांना ६० ने भागून ती अंशांत मिळवा. वरच्या उदाहरणात ४ भागिले ६० म्हणजे ०.०६७, त्यामुळे ३६.०६७ मिनिटे झाली. ३६.०६७ भागिले ६० म्हणजे ०.६०११ अंश.

आता चूक कशी होते ते पाहा. समजा, शिखरावर कोणाचा तरी पाय मोडला आहे. तुम्ही फोनवर घाईत "एकोणीस, छत्तीस, शून्य चार; त्र्याहत्तर, बेचाळीस, तेहतीस" असे सांगितले. ऐकणाऱ्याने ते १९.३६०४ आणि ७३.४२३३ असे टाइप केले. उत्तर-दक्षिण दिशेत ०.२४०७ अंशाचा, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरचा फरक पडला. पूर्व-पश्चिम दिशेत ०.२८५९ अंशाचा, म्हणजे सुमारे ३० किलोमीटरचा फरक पडला. मदत करणारे आता शिखरापासून सुमारे ४० किलोमीटर दूर, ठाणे जिल्ह्यात तुम्हाला शोधत आहेत. उपकरणाने कुठेही चूक केलेली नाही.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. गटातल्या सगळ्यांच्या उपकरणांत निघण्यापूर्वी एकच पद्धत ठेवा. स्थान सांगताना "अंश", "मिनिटे", "दशांश चिन्ह" हे शब्द उच्चारा. समोरच्याकडून आकडे परत म्हणवून घ्या आणि जवळच्या गावाचे नावही सांगा. भारतात आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२ आहे.

४. आकडा कोणत्या नकाशावर ठेवायचा?

अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या एखाद्या ठरावीक गणिती आकारावर मोजलेले असतात. त्या आधाराला डेटम म्हणतात. जीपीएसचा डेटम डब्ल्यूजीएस ८४ हा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे मात्र एव्हरेस्टच्या आकारावर आधारलेले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी निघालेले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. जुन्या नकाशावरून उचललेले आकडे जीपीएसमध्ये जसेच्या तसे भरले, तर भारतात शंभर मीटर किंवा त्याहून जास्त फरक पडतो. सपाट शेतात तेवढ्याने बिघडत नाही. डोंगरधारेवर शंभर मीटर म्हणजे एका बाजूला वाट आणि दुसऱ्या बाजूला दरी. नकाशाच्या समासात डेटमचे नाव छापलेले असते. ते आधी वाचा आणि उपकरणाच्या सेटिंगमध्ये तोच डेटम निवडा.

५. वेपॉइंट, रूट आणि ट्रॅक

वेपॉइंट म्हणजे नाव दिलेला एक बिंदू, जसे पाण्याचे टाके, खिंड, मुक्कामाची गुहा. रूट म्हणजे ठरावीक क्रमाने जोडलेले काही वेपॉइंट. दोन बिंदूंमधली रेघ सरळ असते, तिला जमिनीची जाण नसते. ट्रॅक म्हणजे प्रत्यक्ष चालताना उपकरणाने काही सेकंदांनी नोंदवत नेलेल्या बिंदूंची माळ. कोणी खरोखर चाललेल्या वाटेचा ट्रॅक म्हणूनच अधिक उपयोगी असतो.

हे तिन्ही प्रकार जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये साठवता येतात. ही फाइल साध्या मजकुराचीच असते. गार्मिनच्या उपकरणातली फाइल क्यूजीआयएस, गूगल अर्थ किंवा ओएसएमअँड यांत उघडता येते, ती याच सामायिक स्वरूपामुळे.

६. घरी करायची तयारी

१. *नकाशा उतरवा.* ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी मिळून बनवलेला मुक्त नकाशा आहे. ओएसएमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप तो नेटवर्कशिवाय दाखवतात. पायवाटा त्यात कोणीतरी भरल्या असतील तरच दिसतात. नकाशात वाट नाही म्हणजे जमिनीवर वाट नाही, असे समजू नका. उलटही खरे आहे. पावसाळ्यात गवताखाली गेलेली वाट नकाशात ठळक दिसत राहते.

२. *समोच्च रेषा वाचा.* १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. रेषांमधले उंचीचे अंतर २० मीटर असेल आणि ४ मिलिमीटरमध्ये दहा अंतरे मावत असतील, तर २०० मीटर जाताना २०० मीटर चढायचे आहे. हा ४५ अंशांचा चढ झाला. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा समजावा.

३. *सॉफ्टवेअरच्या उंचीवर सावधपणे विश्वास ठेवा.* अनेक मोफत नकाशांतल्या समोच्च रेषा फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने केलेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या आहेत. तिच्यात साधारण दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा असतो. त्यामुळे सह्याद्रीतला सरळ तुटलेला कडा अशा नकाशात नुसता तीव्र उतार म्हणून दिसू शकतो, आणि छोटा कातळटप्पा तर दिसतच नाही.

४. *वेळेचा अंदाज काढा.* स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक नियम सुचवला. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरायचा. ६ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढाई असेल, तर १ तास १२ मिनिटे अधिक १ तास ३० मिनिटे, म्हणजे २ तास ४२ मिनिटे. यात विश्रांती धरलेली नाही. उन्हाळा, ओझे आणि नवखे सोबती यांसाठी वेळ वाढवा. मग अंधार पडण्याची वेळ पाहून परत फिरण्याची वेळ आधीच ठरवा.

७. वाटेवर

निघण्याच्या ठिकाणी वेपॉइंट नोंदवा आणि ट्रॅक सुरू करा. ज्या वाटेने आलात तिच्यावरून परत जाणे, हा धुक्यातला सर्वांत खात्रीचा मार्ग असतो. फाटा आला की पुन्हा एक वेपॉइंट नोंदवा.

उपकरणावर "लक्ष्य ८०० मीटर" असे दिसते तेव्हा ते सरळ रेषेतले अंतर असते. बाण कड्यावरून खाली जायला सांगत असला, तरी तो फक्त दिशा दाखवत असतो. बाण आणि पायवाट वेगळ्या दिशांना जात असतील, तर थांबून नकाशा पाहा. वाट सोंडेला वळसा घालून पुन्हा त्याच दिशेला येते, असे बहुतेक वेळा आढळेल.

ज्या उपकरणात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसते, ते तुम्ही चालत असतानाच दिशा सांगू शकते. उभे राहिलात की बाण भरकटतो. होकायंत्र असेल तर बॅटरी बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवल्यास बॅटरी बरीच वाचते, कारण डोंगरात नेटवर्क शोधण्यातच ती जास्त खर्च होते. तरीही कागदी नकाशा आणि साधे होकायंत्र बरोबर असू द्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे आणि सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. परदेशातून कोणी आणून दिले तरी ते सॅकमध्ये टाकू नका. फक्त संदेश घेणाऱ्या साध्या जीपीएसची गोष्ट वेगळी.

८. जिओकॅशिंग

२००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकायचे. २ मे रोजी ती चूक काढून टाकली गेली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत नोंदवही, पेन्सिल आणि काही वस्तू होत्या. लोकांनी ती शोधून काढली आणि त्यातून हा खेळ जगभर पसरला.

खेळाचे नियम थोडेच आहेत. डबा सापडला की नोंदवहीत नाव लिहायचे. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची. डबा होता तिथेच परत ठेवायचा. डबा शोधणे किती अवघड आणि वाट किती अवघड, हे १ ते ५ अशा दोन वेगळ्या श्रेणींत दिलेले असते. निघण्यापूर्वी वाटेची श्रेणी आवर्जून पाहा. या खेळात सहसा दशांश मिनिटांची पद्धत वापरतात. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, म्हणजे रिसीव्हरच्या अचूकतेला साजेसे माप.

शेवटच्या दहा मीटरमध्ये जीपीएसकडे पाहणे थांबवा. उपकरणाची चूकच तेवढी असते. आता डोळ्यांनी शोधा: पोकळ खोड, दगडांची अस्वाभाविक रास, एकटे झुडूप.

आपल्याकडे डबा ठेवताना जास्त विचार लागतो. रेल्वे स्थानक, बाजार, देऊळ, धरण अशा जागी बेवारस डबा दिसला तर पोलिसांना बोलवावे लागते आणि ते योग्यच आहे. संरक्षित किल्ल्यांवर आणि अभयारण्यांत परवानगीशिवाय काहीही ठेवू नये. जमीन खणू नये. खाद्यपदार्थ ठेवू नयेत, कारण ते प्राण्यांना ओढून आणतात.

९. सारांश

रिसीव्हर स्थान सांगतो, वाट सांगत नाही. आकड्याची पद्धत, नकाशाचा डेटम आणि समोच्च रेषा या तीन गोष्टी घरी तपासल्या, तर डोंगरात बराचसा धोका टळतो. गटातल्या एकालाच हे येत असेल तर तो जखमी झाल्यावर सगळेच अडकतात. म्हणून हे सर्वांनी शिकावे.

१०. स्वाध्याय

१. बीव्हरक्रीकजवळच्या पहिल्या डब्याचे स्थान ४५° १७.४६०′ उत्तर, १२२° २४.८००′ पश्चिम असे होते. ते दशांश अंशांत लिहा. (उत्तर: ४५.२९१०, १२२.४१३३)

२. एखाद्याने वरील आकडे चुकून ४५.१७४६० आणि १२२.२४८०० असे भरले, तर तो किती दूर जाईल? त्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ७८ किलोमीटर धरा. (उत्तर: सुमारे १८ किलोमीटर)

३. तुमच्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी दहा मिनिटांच्या अंतराने पाच वेळा स्थान नोंदवा. पाचही बिंदू क्यूजीआयएसमध्ये टाका आणि त्यांच्यातले सर्वांत जास्त अंतर मोजा. हेच प्रात्यक्षिक उंच इमारतीच्या भिंतीलगत करून दोन्ही उत्तरांची तुलना करा.