एक मतदारसंघ, दोन खासदार!

मुंबईतल्या एकाच मतदारसंघातून एकदम दोन खासदार दिल्लीला गेले होते, हे आज सांगून पटत नाही. पण १९५२ साली, पहिल्या लोकसभा निवडणुकीत, ‘बॉम्बे सिटी नॉर्थ’मध्ये तसंच घडलं.

दोन जागा, दोन मतं : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची सोय नाही. देशात असे दुहेरी मतदारसंघ होते ८६. उत्तर बंगाल तर तिहेरी!

नाशिकचा कागद : मतपत्रिका छापल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसने. आकार एक रुपयाच्या नोटेएवढा. त्यावर ना उमेदवाराचं नाव, ना चिन्ह. चिन्ह असायचं पेटीवर आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. आपल्या माणसाची पेटी ओळखायची, कागद आत सरकवायचा, झालं मतदान!

बाबासाहेबांचा पराभव : राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर १४,५६१ मतांनी पुढे राहिले आणि घटनेचे शिल्पकार लोकसभेबाहेर. १९५४च्या भंडारा पोटनिवडणुकीतही यश आलं नाही. ते राज्यसभेत होते, पण लोकसभेला त्यांचा आवाज कधीच लाभला नाही, याची हळहळ आजही वाटते.

जास्त मतं, तरी घरी : समाजवादी अशोक मेहतांना मिळाली १,३९,७४१ मतं, काजरोळकरांना १,३८,१३७. तरी मेहता हरले, कारण त्यांची लढत सर्वसाधारण जागेसाठी होती आणि तिथे विठ्ठल गांधी सरस ठरले. आंबेडकर आणि मेहतांनी मिळून निकालाला आव्हान दिलं, पण निकाल बदलला नाही.

नाव तेच, जागा एकच : १९५७मध्ये ‘बॉम्बे सिटी नॉर्थ’ एकेरी झाला आणि कृष्ण मेनन निवडून आले. दुहेरी जागा आली नव्या ‘बॉम्बे सिटी सेंट्रल’च्या वाट्याला. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तिथून कॉम्रेड डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार असे दोघे जिंकले.

गिरींना धक्का : त्याच वर्षी आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये पहिल्या दोन क्रमांकांवर आदिवासी उमेदवारच आले. सर्वसाधारण जागा कोणालाही खुली असल्याने राखीव जागा एकाला, सर्वसाधारण दुसऱ्याला! व्ही. व्ही. गिरी ५६५ मतांनी हुकले. १९५९मध्ये सुप्रीम कोर्टानेही निकाल कायम ठेवला. हेच गिरी १९६९मध्ये राष्ट्रपती झाले.

खेळ संपला : १९६१च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ मोडीत निघाले. राखीव जागा मात्र राहिल्या, आणि राहायलाच हव्या होत्या. १९६२पासून त्यांना स्वतःचे एकेरी मतदारसंघ मिळाले.