कडेचीं फुलझाडें : पसरणारीं, परंतु आटोक्यांत राहणारीं

घरापुढील अंगण, विहिरीकडे जाणारी वाट किंवा परसांतील भाजीचे वाफे यांच्या कडेस फुलझाडें असावींत अशी इच्छा पुष्कळ शेतकऱ्यांस असते. परंतु दरवर्षीं बीं पेरून रोपें करण्यास ऐन कामाच्या दिवसांत सवड कोणास आहे? म्हणून एकदां लावलीं म्हणजे वर्षानुवर्षें टिकणारीं, ऊन सोसणारीं व आपण होऊन जागा भरून काढणारीं झाडें सर्वांस हवीं असतात. ही अपेक्षा रास्त आहे. मात्र पसरण्याचा जो गुण आपण मागतों, तोच पुढें दोष होऊं शकतो, हें झाड निवडण्यापूर्वीं ध्यानांत घेतलें पाहिजे.

घाणेरीचें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील हें झुडूप १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत शोभेकरितां आणलें गेलें. फुलें रंगीबेरंगी, पाण्याची गरज थोडी, गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. कुंपणास याहून चांगलें तें काय, असें लोकांस वाटलें. पुढें पक्ष्यांनीं तिचीं फळें खाऊन बीं रानोमाळ नेलें, आणि आज डोंगर, गायरानें व बांध तिनें व्यापले आहेत. चाऱ्याच्या टंचाईंत भुकेल्या जनावरानें तिचा पाला खाल्ल्यास यकृत बिघडून कावीळ होते व उन्हानें कातडी सोलते. जलपर्णीही फुलांच्या मोहानेंच आपल्या तळ्यांत शिरली. रोपवाटिकांत मिळणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया त्याच जातकुळींतली होय. तिच्या कांड्यास माती लागतांच मुळें फुटतात व खुरपतांना तुटलेला तुकडाही पुन्हां रुजतो. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनीं २००० सालीं जगांतील १०० अत्यंत उपद्रवी परक्या जीवजातींची यादी प्रसिद्ध केली; तींत ह्या तिन्ही वनस्पति आहेत.

यावरून आम्ही एक साधी कसोटी सुचवितों : झाड कसें पसरतें, हें आधीं विचारावें. जें कंदानें किंवा बुडाच्या फुटव्यानें वाढतें, तें कुदळीच्या एका घावानें आवरतें. ज्याचें बीं झाडाखालींच पडतें, तें खुरपणीनें आवरतें. परंतु ज्याचें बीं पक्षी नेतात किंवा ज्याचा प्रत्येक तुकडा रुजतो, तें शेतकऱ्यानें आपल्या हातानें लावूं नये.

पहिल्या वर्गांत कर्दळ, निशिगंध, शेवंती व रेन लिली हीं येतात. मोरीचें किंवा पाटाचें पाणी जेथें सांचतें तेथें कर्दळ लावावी. ओल तिला मानवते. फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापावे, म्हणजे नवे फुटतात. निशिगंधास मात्र निचऱ्याची जमीन हवी. तीन वर्षांनीं त्याचे गड्डे खणून कंद वेगळे करावे, नाहीं तर दाटी होऊन फुलें बारीक पडतात. शेवंतीचा बहर सरला कीं झाडें छाटावींत, आणि बुडाशीं येणारे फुटवे मुळांसह काढून नव्या जागीं लावावे. रेन लिलीचे लहान कंद वाफ्याच्या अगदीं काठास शोभतात. पाऊस पडून गेला कीं तीं एकाएकीं फुलतात.

दुसऱ्या वर्गांत सदाफुली व गुलबाक्षी. सदाफुली मूळची मादागास्करची. मुरमाड जमिनींतही ती बारमाही फुलते, परंतु मुळाशीं पाणी तुंबल्यास मरते. गुलबाक्षीचा पाला उन्हाळ्यांत वाळला तरी तिची मांसल मुळी जमिनींत जिवंत राहते व पावसाबरोबर पुन्हां फुटते. ह्या दोन्ही झाडांत विषारी द्रव्यें आहेत. सदाफुलींतील द्रव्यांपासून कर्करोगावरील औषधें होतात, म्हणून ती पोटांत घेण्यास निर्धोक आहे असें नव्हे. लहान मुलें व बांधलेलीं वासरें यांच्या तोंडापासून हीं झाडें दूर ठेवावींत, आणि छाटलेला पाला वैरणींत मिसळूं देऊं नये.

लावणी करतांना उंच कर्दळ व गुलबाक्षी मागें, निशिगंध व शेवंती मध्यें आणि सदाफुली व रेन लिली पुढें ठेवावीं. काळ्या जमिनींत वाफा अर्धा फूट उंच करून त्यांत शेणखत मिसळावें. कर्दळींत दीड ते दोन फूट व शेवंतींत एक फूट अंतर असावें. प्रथम जागा मोकळी दिसेल. परंतु दाट लावण्याचा मोह आवरावा, कारण भरून काढण्याचें काम झाडें स्वतःच करणार आहेत. पहिल्या वर्षीं तण मात्र काळजीनें काढावें, आणि पावसाळ्याच्या आरंभीं व अखेरीस एकेकदां वाफ्याच्या सीमेवर कुदळ फिरवून बाहेर आलेले कंद काढून घ्यावे. ते फेंकून न देतां शेजाऱ्यास द्यावे. चांगल्या जातीचा गांवांत प्रसार होण्यास एवढें पुरे आहे.