हजेरी ते हजेरी

सकाळी ७

खटाव तालुक्यातलं गाव, चैत्रातली जत्रा. रात्रीच्या गुलालानं दमलेलं गाव अजून झोपलंय. तमाशाचा फड मात्र उठलाय. शाळेच्या दोन वर्गखोल्या बायकांना दिलेल्या. बाकं भिंतीला सारून सतरंज्या टाकल्यात. आंघोळीला मागच्या बाजूला दोघी लुगड्याचा आडोसा धरतात, तिसरी आत जाते. माण-खटावात चैत्राचं पाणी मोजूनच मिळतं, त्यामुळं बादली एकच.

ही कुणा एकीची हकिकत नाही. जत्रांच्या हंगामात सातारा-सांगलीतून फिरणाऱ्या फडातल्या तरुण आईचा दिवस जसा जातो, तसा तो मांडला आहे. तिला नाव देत नाही. फडावरचं तिचं नाव तरी कुठं तिचं असतं?

वय चोविसाच्या आसपास. मोठी मुलगी दुसरीत, गावाकडं आजीजवळ. धाकटा दीड वर्षाचा, अंगावर पितो, म्हणून बरोबर. त्याला फिरवायला एक म्हातारी आहे. एके काळी तीही बोर्डावर उभी राहायची, आता भाकरीवर आणि पोरं सांभाळण्यावर असते.

सकाळी ९

हजेरीचा खेळ. रात्रीचा तमाशा शहरातल्या माणसाला ऐकून तरी माहीत असतो. हजेरी त्याच्या कानावरही आलेली नसते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उन्हातच पुन्हा फड उभा राहतो. ना रंगीत दिवे, ना धूर सोडणारं यंत्र. पडदाही नसतो. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झीलकरी आणि समोर झाडाखाली बसलेली म्हातारी माणसं. बायका माळवदावरून, दाराआडून ऐकतात. रात्री त्यांना यायची सोय नसते.

उजेडात रंग उघडा पडतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पहिल्या रांगेतल्या पोरालाही दिसतात. पण नाचणारीचा खरा कस इथंच लागतो, असं माझं मत आहे. रात्री स्पीकरवर सिनेमाचं गाणं लावलं की पाय हलवले तरी भागतं. हजेरीला एखादा पंच्याहत्तरीचा फेटेवाला काठी आपटून बैठकीची लावणी मागतो आणि ती म्हणता आली नाही तर तोंडावर सांगतो, ‘‘बाई, गळा कुठं ठेवून आलीस?’’

तिला म्हणता येतं, कारण आईनं शिकवलंय. आईला तिच्या आईनं. याच जिल्ह्यातल्या वाईच्या यमुनाबाई वाईकर अशाच आईचं बोट धरून, दारोदार गाणं म्हणत वाढल्या. पुढं त्यांची संगीत पार्टी नावारूपाला आली. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या. पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या कोल्हाटी घरातली मुलगी घर चालवायची आणि मुलांच्या नावापुढं आईचंच नाव लागायचं. ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिणारे डॉक्टर किशोर शांताबाई काळे आपल्या नावात शांताबाई हे नाव घेऊनच जगले. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव घालणं राज्य सरकारनं सक्तीचं केलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला पुरोगामी पाऊल म्हटलं. फडातल्या बायकांना त्यात नवीन वाटावं असं फारसं नव्हतं. मुलीच्या शाळेतला फॉर्म मात्र अजून बापाची सही मागतो.

दुपारी १२.३०

हजेरी संपते, गाव कुस्त्यांच्या मैदानाकडं वळतं. फड जेवायला बसतो. भात, आमटी, वांग्याची भाजी. मॅनेजर सुपारीची उरलेली रक्कम घ्यायला पंचांच्या मागं फिरतोय. पंच मैदानात, मैदानात हलगी, हलगीत काही ऐकू येत नाही.

ती शाळेच्या पायरीवर बसून फोन लावते.

‘‘आये, जेवली का गं ती?’’

‘‘जेवली. तूच बोल, कवाधरनं बसलीया फोनपाशी.’’

मग पोरीचा आवाज. ‘‘मम्मे, कवा येणार?’’

‘‘बुद्धपौर्णिमा झाली की.’’

‘‘म्हणजी किती दिवस?’’

हा हिशेब तिला येतो, पण ती सांगत नाही. दसऱ्याला घर सुटतं आणि वैशाखात बुद्धपौर्णिमेला हंगाम उतरतो. शाळेचं वर्ष आणि फडाचं वर्ष एकाच वेळी चालतं. मुलीला सुट्टी लागेपर्यंत आईचा हंगाम जोरात असतो.

दुपारी २

ट्रक. पेटारे, ढोलक्या, पत्र्याच्या ट्रंका, कापडी कनाती आणि त्यांच्यावर माणसं. मायणीवरून विट्याकडं. मायणी साताऱ्यात, विटा सांगलीत. मधली हद्द पाटीशिवाय कळत नाही, दोन्हीकडं सारखंच माळरान.

पुढचं गाव खानापूर तालुक्यातलं, आणि तिथली जत्रा वेगळी. या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत: सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा. घराघरातला एक तरी माणूस भारतातल्या कुठल्यातरी लांबच्या शहरात सराफकट्ट्याजवळ भट्टी लावून बसलेला. दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं जत्रेला मात्र न चुकता येतात. तिकडं साताऱ्याच्या गावांत मुंबईचे माथाडी येतात, इकडं गलाईवाले. वर्षभर परमुलखात खाली मान घालून राहिलेला माणूस गावच्या जत्रेत खिशातून नोटांची गड्डी काढतो, तेव्हा तो नुसता नाचणारीला पैसे देत नसतो; आपण परत आलोय हे गावाला दाखवत असतो. फडाला हे पक्कं माहीत असतं. म्हणून नाव पुकारताना सोंगाड्या शहराचं नावही ठणकावून घेतो.

नाचणाऱ्यांत जी सगळ्यांत थोरली आहे, तिनं पूर्वी पनवेलकडं बारमध्ये काम केलंय. वाटेत तासगावच्या फाट्याची पाटी दिसली की ती हटकून म्हणते, ‘‘आबांचं गाव.’’ बोलण्यात राग आहे की आदर, सांगता येत नाही. आबा, म्हणजे तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील, राज्याचे गृहमंत्री असताना, ऑगस्ट 2005 मध्ये डान्सबार बंद झाले. तीन तारांकित आणि त्याहून वरच्या हॉटेलांना तेवढी सूट होती. त्या भेदावरच बोट ठेवून उच्च न्यायालयानं 2006 मध्ये बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. पण खटला चालला ती सात-आठ वर्षं घरभाडं कुणी थांबवलं नव्हतं. काही जणी आखाताकडं गेल्या, काही त्याहून वाईट ठिकाणी. ही फडात आली. आबांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. खेड्यातल्या पोरांचे पगार बारमध्ये उधळले जातात, हे त्यांना खुपत होतं. पण उधळणाऱ्याचा खिसा वाचवायला त्यांनी घेणारीचं काम काढून घेतलं. हा उलटा न्याय सांगलीच्या मातीतून आला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

संध्याकाळी ५.३०

मोकळं शेत. बिगारी खांब रोवतात, ट्रकच्या फाळक्या जोडून बोर्ड उभा राहतो. मागं ताडपत्रीची राहुटी: तीच रंगपटाची खोली, तीच पाळणाघर. धाकट्याला कणकण आहे. गावात उपकेंद्र आहे, पण ते बंद झालंय. मेडिकलवाला बाटली देतो आणि चेहरा ओळखून सुट्टे परत घेत नाही. रात्री पुढं बसणार असेल.

ती पोराला पाजत असताना म्हातारी विठाबाईंची गोष्ट सुरू करते. नारायणगावच्या विठाबाई दिवस भरलेले असताना नाचत होत्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रत्येक फडात ही गोष्ट सांगतात आणि ऐकणारे हात जोडतात. मला मात्र ती कलेवरच्या निष्ठेची गोष्ट वाटत नाही. रजा नसलेल्या बाईची गोष्ट वाटते. खरं म्हणजे 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 1973 च्या दुरुस्तीनं कारखाना, खाण, मळा यांच्या पंगतीत घोड्यांचे खेळ, कसरती ‘आणि इतर प्रयोग’ करणाऱ्या आस्थापनाही बसवल्या होत्या. 2017 पासून रजा सव्वीस आठवड्यांची झाली. दिल्लीत कुणीतरी तो मसुदा लिहिताना सर्कशीचा तंबू डोळ्यांसमोर आणला असणार. कनात तिथून फार लांब नव्हती. पण हजेरीपटच नसलेल्या फडात रजा मांडायची कुठं? या तरुण आईला पहिल्या खेपेला रजा मिळाली ती हंगाम बुडवून, म्हणजे बिनपगारी. दुसऱ्या खेपेला कोविडनं दोन हंगाम खाल्ले होते, मालकाकडून घेतलेली उचल अंगावर होती. सव्वा महिना झाला आणि चाळ बांधले.

संध्याकाळी ७

रंग. पॅनकेक, काजळ, गंगावन, नऊवारी, कमरपट्टा. दोन्ही पायांत चाळ आवळताना पोटऱ्यांवर आधी पट्टी गुंडाळायची, नाहीतर कातडं सोलतं. छातीवर आतून कापडाची घडी. दूध उतरलं तर चोळीवर डाग नको.

कोपऱ्यात कुणाच्या मोबाइलवर ‘पिंजरा’ लागलाय. मराठी सिनेमानं या बाईवर जीव टाकला. ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरमध्ये शंभराहून जास्त आठवडे चालला. ‘पिंजरा’ 1972 चा, ‘नटरंग’ 2010 चा. पण ‘पिंजरा’तली बाई मास्तराचं आयुष्य उधळायला येते आणि ‘नटरंग’ फडात शिरलेल्या पुरुषाचा आहे. तिकडं परदेशी सिनेमात रात्री क्लबमध्ये कपडे उतरवणारी तरुण आई नायिका होते, तिच्या पोराच्या दप्तरावर, घरभाड्यावर अख्खा चित्रपट उभा राहतो. आपल्याकडं कॅमेरा गाणं संपलं की तिला सोडून प्रेक्षकाच्या मागं घरी जातो. म्हाताऱ्या बाईनं पोराला ट्रंकेवर निजवलं, हे कुठल्या चित्रपटात पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

रात्री ८.३०

गण. मग गवळण: कृष्ण, पेंद्या, मावशी. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यांनी, म्हणजे 1866 साली जन्मलेल्या पठ्ठे बापूरावांनी, बामणाचं घर सोडून याच बोर्डासाठी लिहिलं. मग बतावणी. मग लावण्या, आणि मग यायला हवा तो वग. कवलापूरचे काळू-बाळू, जुळे खाडे बंधू, वगात हवालदार होऊन उभे राहिले की माणसं पहाटेपर्यंत जागची हलत नसत.

आता पहाटच नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालचा; जुलै 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आवळून धरला. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, ती बहुतेक सणासुदीला जाते. झोपमोड होणाऱ्या माणसाची बाजू मला कळते. पण घड्याळ आखडलं तेव्हा नेमकं काय कापलं गेलं, तेही पाहायला हवं. वग कापला गेला. गोष्ट गेली, संवाद गेले. राजाची राणी, पाटलाला जाब विचारणारी बाई, या तिच्या वाट्याच्या भूमिका गेल्या. उरली फर्माईश. तीन तास बोलणारी, रडणारी, जाब विचारणारी नटी दीड तास नुसती नाचायची राहिली, आणि मग तमाशात काय, बायाच नाचतात, असं म्हणायला लोक मोकळे झाले.

साडेनऊला गलाईवाल्यांचा घोळका पुढं सरकतो. दौलतजादा. शंभराची, पाचशेची नोट. देताना एखादा बोटं धरून ठेवतो. ती हसत हात सोडवून घेते. हे तिनं लावणीइतकंच शिकून घेतलंय: किती हसायचं, कुठं वळायचं, कुणाला ‘दादा’ म्हणून जागेवर बसवायचं. जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बारमध्ये बक्षिसी देता येईल, पण नोटा उधळता येणार नाहीत. थोरलीला हे कुणीतरी वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, ‘‘मग हातात दिल्याव हात कोण धरंना व्हय?’’

दोन लावण्यांच्या मध्ये ती आत येते. धाकटा जागा होऊन रडतोय. उभ्यानंच चोळी सैल करते, पाजते, ढोलकी फिरली की म्हातारीच्या हातात देते. बाहेर कुणी शिट्टी मारतं. तिची एंट्री अर्ध्या मिनिटानं चुकली, म्हणून ढोलकीवाला एक तोडा जास्त वाजवतो. प्रेक्षकांना तो तोडा आवडतो.

रात्री ११.३०

पोलिसांची गाडी दहाला येऊन गेली, सव्वादहाला माइक बंद झाला. मॅनेजर वही उघडतो. जमलेल्या पैशांतून फडाचा वाटा बाजूला काढतो, उरलेला वाटून देतो. तिच्या नावापुढं उचलीचा आकडा आहे: पावसाळ्यात घर चालवायला मालकाकडून घेतलेली, हंगामभर नाचून फेडायची रक्कम. आजच्यातलं थोडं तिकडं वळतं करायला ती सांगते. थोडं आईच्या खात्यावर, थोडं औषधाला. मग पुढच्या सालची बोलणी निघतात.

‘‘थांबणार ना आमच्यातच?’’ मॅनेजर विचारतो.

‘‘पोरगीला तिसरीत हॉस्टेलला टाकायचीया. त्याचं काय देतील मालक, त्ये सांगा आधी.’’

‘‘मालकास्नी इचारतो.’’

‘‘इचारा. आन्‌ राणीचं काम असलेला वग बसवणार असतील तर उचल थोडी कमी दिली तरी चालंल म्हणावं.’’

मॅनेजर हसतो आणि वहीत फक्त हॉस्टेलचं लिहून घेतो. हजेरी सकाळी नवाला आहे.