मालकाच्या हातातला राउटर

घरोघरी वायफायसाठी बसवलेला राउटर हा एक पूर्ण संगणक असतो. त्याला प्रोसेसर असतो, मेमरी असते, आणि बहुतेक वेळा त्यावर लिनक्स चालत असतं. घरातला मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही जे काही बाहेरच्या जगाशी बोलतं, ते सगळं त्याच्यामार्फत. एवढं असूनही पैसे मोजणाऱ्या मालकाला त्यात बदल करायची मुभा जवळजवळ नसते. कंपनीने नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, देणं थांबवलं की उत्तम चालणारं यंत्र सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचं ठरतं आणि भंगारात निघतं. ही रीत मोडता येते, हे नोव्हेंबर २०२४मध्ये विक्रीला आलेल्या ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ या राउटरने दाखवून दिलं. तो आखला राउटरची दुरुस्ती आणि फेरबदल वर्षानुवर्षं करत आलेल्या लोकांनी. म्हणूनच त्याचा इतिहास आणि त्याची घडण, दोन्ही नीट समजून घेण्यासारखी आहेत.

निळ्या-काळ्या डब्यातला लिनक्स

लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर डिसेंबर २००२मध्ये बाजारात आला. पुढच्याच वर्षी सिस्कोने लिंकसिस विकत घेतली. जून २००३मध्ये अँड्र्यू मिक्लास यांनी लिनक्सच्या विकसकांच्या लक्षात एक गोष्ट आणून दिली: या राउटरमध्ये लिनक्स वापरलेलं आहे, पण त्याचा सोर्स कोड ग्राहकांना दिलेला नाही. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्याची अट स्पष्ट आहे. फुकट घ्या, बदला, विका. पण ज्याला विकाल त्याला सोर्स कोडही द्या. शिवाय तो कोड संकलित करून यंत्रात बसवण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्ट्सही द्या. दबाव वाढला, आणि कंपनीने कोड खुला केला. त्याच पायावर जानेवारी २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या खुल्या फर्मवेअरचा प्रकल्प उभा राहिला.

पुढे डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरी कार्यप्रणाली घातली गेली. फ्लॅश मेमरी चार मेगाबाइटवरून दोनवर आली, रॅम सोळावरून आठवर. डब्यावरचं नाव तेच राहिलं, आतलं यंत्र मात्र बदललं. लिनक्स चालणारं जुनं रूप हवं असणाऱ्यांसाठी कंपनीने २००५मध्ये डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळं मॉडेल काढलं. यात प्रकल्पाची कायमची अडचण दिसून येते. सॉफ्टवेअर आपलं, पण ते ज्या यंत्रावर चालवायचं ते दुसऱ्याच्या मर्जीवर. नव्या मॉडेलची चिप ओळखायची, बूटलोडरचं कुलूप उघडायचं, आणि सगळं जमेपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेलं असायचं.

२०१५च्या सुमारास अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे एफसीसीच्या, नियमांनी चिंता वाढवली. रेडिओची शक्ती मर्यादेबाहेर जाऊ नये हा नियामकाचा हेतू रास्त होता. पण रेडिओ जपण्याच्या नावाखाली कंपन्या सगळं फर्मवेअरच कुलूपबंद करतील, ही भीतीही तितकीच खरी होती. २०१६मध्ये टीपी-लिंकवर रेडिओशक्तीच्या नियमभंगाबद्दल दोन लाख डॉलरचा दंड बसला, तेव्हा झालेल्या तडजोडीत बाहेरच्या फर्मवेअरला वाट मोकळी करण्याची हमीही कंपनीने दिली. याच काळात अर्जेंटिनातल्या अल्टरमुंडी या संस्थेने गावकऱ्यांनी स्वतः उभारायच्या नेटवर्कसाठी ‘लिब्रेराउटर’ बनवायला घेतला. आपलं यंत्र आपणच घडवावं, हा विचार असा ठिकठिकाणी रुजत होता.

प्रत्येक पोर्टची किंमत

जानेवारी २०२४मध्ये प्रकल्पाला वीस वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्ताने प्रकल्पातले विकसक जॉन क्रिस्पिन यांनी सहकाऱ्यांपुढे स्वतःच्या राउटरचा प्रस्ताव ठेवला. उत्पादन बनाना पाय ही बोर्ड बनवणारी कंपनी करणार, किंमत शंभर डॉलरच्या आत ठेवायची, आणि पैशांचा व्यवहार सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था सांभाळणार. मग खुल्या चर्चेत एकेका भागाची छाननी झाली.

प्रोसेसर ठरला मीडियाटेकचा एमटी७९८१बी: दोन गाभ्यांचा, १.३ गिगाहर्ट्झचा. त्याच्या जोडीला वायफाय ६ आणि एक गिगाबाइट रॅम. इथरनेटचे पोर्ट दोनच, एक अडीच गिगाबिटचा आणि दुसरा एक गिगाबिटचा. जास्त पोर्ट हवेत तर स्विचची वेगळी चिप लागते आणि खर्च वाढतो. यूएसबी ३ का नाही, या प्रश्नाचं उत्तर चिपच्या पोटात होतं. या चिपमध्ये यूएसबी ३ आणि पीसीआय एक्सप्रेस एकाच मार्गावर आहेत. एक घेतलं की दुसऱ्यावर पाणी सोडावं लागतं. निवड झाली पीसीआय एक्सप्रेसची, आणि त्यातून एनव्हीएमई डिस्कसाठी एम.२ खाच मिळाली. बोर्डाचं माप बनाना पायच्या आधीच्या आर४ बोर्डाएवढंच, १४८ गुणिले १००.५ मिलिमीटर ठेवलं, म्हणजे पेटीची आखणी नव्याने करायला नको.

बटन सेलवर चालणारं घड्याळही बोर्डावर आहे. दिसायला मामुली गोष्ट, पण स्वस्त राउटरमध्ये ती सहसा नसते. वीज गेली की असा राउटर तारीख विसरतो. वीज परत आल्यावर सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत तपासायची तर आधी तारीख हवी, आणि तारीख नेटवरून आणायची तर कधी कधी तीच प्रमाणपत्रं आडवी येतात.

बिघडला तरी मरणार नाही

या बोर्डाचं खरं मोल त्याच्या दुरुस्तीच्या सोयीत आहे. राउटरमध्ये फर्मवेअर भरताना मधेच वीज गेली किंवा चुकीची फाइल गेली की यंत्र कायमचं बंद पडू शकतं. मग पेटी उघडा, बोर्डावर नाव न लिहिलेले बारीक बिंदू शोधा, त्यांना तीन वायरी सोल्डर करा, सिरियल अॅडॉप्टर जोडा, आणि आत काय अडलंय ते वाचा. हातात कला असणाऱ्यालाच हे जमतं.

‘वन’मध्ये सिरियल जोडणी थेट यूएसबी-सी पोर्टवर दिली आहे, मोबाइलची केबल पुरते. फ्लॅश चिप दोन आहेत. रोजचं फर्मवेअर २५६ मेगाबाइटच्या नँड चिपवर असतं. दुसऱ्या, लहान नॉर चिपवर सुटकेपुरतं सॉफ्टवेअर असतं आणि तिच्यावर लिहिण्याला मुळातच बंदी घातलेली असते. नँडमधलं सगळं पुसलं गेलं, तर वीज बंद करायची, बारीक सरकता स्विच नॉरकडे न्यायचा, फर्मवेअरची फाइल असलेला पेनड्राइव्ह लावायचा, आणि बटण दाबून धरत वीज चालू करायची. नॉर चिप नँडला पुन्हा भरून देते. स्विच परत नँडकडे सरकवला की यंत्र चालू. सोल्डरिंग नाही, पेटी उघडणं नाही. प्रयोग करायला लोक कचरतात ते यंत्र गमावण्याच्या भीतीने. ती भीती इथे एका स्विचने दूर केली आहे.

सगळंच खुलं झालं, असं मात्र नाही. वायफाय चिपच्या आतलं फर्मवेअर, अडीच गिगाबिट इथरनेटचा एक भाग आणि सुरू होताना रॅम जुळवून घेणारा कोड बंदच आहे. तो चिप बनवणाऱ्याकडून तयार मिळतो. प्रकल्पाने ही गोष्ट पहिल्याच प्रस्तावात सांगून टाकली. खुलेपणाची सीमा नेमकी कुठे आहे हे ग्राहकाला सांगणं, हाही प्रामाणिकपणाच.

पेटी आणि अँटेनांसह किंमत ठरली ८९ डॉलर. प्रत्येक विक्रीमागे दहा डॉलर प्रकल्पाच्या निधीत जातात. आणि कुठलंही फर्मवेअर भरू देणारा हा राउटर एफसीसीच्या चाचण्यांत पूर्ण उत्तीर्ण झाला. नियम पाळायचे म्हणून मालकाला दाराबाहेर ठेवावं लागतं, हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडला.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांच्या सुट्या भागांची व माहितीपत्रकांची चर्चा त्यातून सुरू झाली, ती आवश्यकच आहे. पण ज्या यंत्राचा जीव सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचा सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग म्हणजे कोड, आणि तो बसवण्याची मोकळीक. दुरुस्तीच्या हक्काची व्याख्या करताना ही मोकळीक तिच्यात लिहिली गेली पाहिजे. ती देऊनही राउटर कायद्यात बसतो आणि शंभर डॉलरच्या आत विकता येतो, याचा पुरावा आता बाजारात आहे. ती नाकारणाऱ्याने यापुढे कारण द्यावं.